जुन्या मोठ्या एसयूव्हीची स्वहस्ते दुरुस्ती आणि सुधारणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्र चेसिसवर बॉडी बसवलेल्या, सहा किंवा आठ सिलिंडरच्या, फोर-व्हील-ड्राइव्ह असलेल्या आणि वयाची पंधरा-वीस वर्षे ओलांडलेल्या मोठ्या एसयूव्हीची कामे स्वतः करू इच्छिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. अशा गाडीचे रिकामे वजन दोन ते अडीच टनांच्या आसपास असते, आणि पुढील जवळजवळ प्रत्येक सल्ल्यामागे हे वजनच आहे. छोट्या गाडीत खपून जाणारी हयगय येथे खपत नाही. मात्र या गाड्यांचे भाग मोठे, मजबूत आणि हाताला सहज लागणारे असल्यामुळे धीराने काम करणाऱ्याला त्या साथही चांगली देतात.

जुनी गाडी हाती आल्यावर सुरुवात कोठून करावी?

सुरुवात ब्रेक, स्टिअरिंग, टायर, कूलिंग आणि चेसिसवरील गंज यांच्या तपासणीपासून करावी. त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरेन्शिअल (डावे-उजवे चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअर-पेटी) यांतील तेले बदलावीत, कारण मागील मालकाने ती केव्हा बदलली याची नोंद बहुधा मिळत नाही. मोठे टायर, उंच स्प्रिंग, जादा दिवे या सुधारणा गाडी मूळ स्थितीत ठणठणीत झाल्यानंतरच हाती घ्याव्यात. याबाबत माझे मत ठाम आहे. झिजलेल्या बॉल जॉइंटवर (चाकाला वळू देणाऱ्या गोल सांध्यावर) उंच स्प्रिंग बसवले, की नंतर येणारा आवाज किंवा थरथर जुन्या झिजेमुळे आहे की नव्या सामानामुळे, हे ओळखणे अवघड होते आणि माणूस चांगले भागही बदलत सुटतो.

एका वहीत तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि वापरलेल्या तेलाचा प्रकार लिहून ठेवावा.

गाडी सुरक्षितपणे कशी उचलावी?

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, ती धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकचे एक सील गळले, तरी गाडी खाली येते. म्हणून केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली क्षणभरही शरीराचा कोणताही भाग जाऊ देऊ नये. गाडीच्या वजनाला पुरून उरतील अशा क्षमतेचे स्टँड घ्यावेत आणि ते चेसिसच्या भक्कम भागाखाली किंवा मागच्या ॲक्सलच्या नळीखाली लावावेत. जमीन सपाट आणि टणक असावी. डांबरावर किंवा मातीवर काम करायचे असल्यास स्टँडखाली जाड लोखंडी पत्रा किंवा रुंद फळी ठेवावी, नाहीतर स्टँडचे पाय हळूहळू रुततात.

या गाड्यांमध्ये एक धोका विशेष आहे आणि तो पुष्कळांना माहीत नसतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील ‘पार्क’ चाकांना नव्हे, तर गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टला अडवतो. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिला, तर गिअर ‘पार्क’मध्ये असूनही गाडी मोकळी घरंगळू शकते. मागचे एकच चाक उचलले असताना साधा डिफरेन्शिअल ते चाक उलटे फिरू देतो आणि त्यामुळे जमिनीवरचे दुसरे चाकही पुढे सरकू शकते. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवरच चालतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर पुढच्या चाकांना काहीच आधार उरत नाही. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून उटी (चाक अडवणारी पाचर) लावावी. स्टँडवर टेकवल्यानंतर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहावे आणि काढलेली चाके चेसिसखाली आडवी सारून ठेवावीत. काही चुकले, तर गाडी माणसाऐवजी चाकांवर येते.

कोणती हत्यारे आवश्यक आहेत?

त्या विशिष्ट मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका सर्वात आधी मिळवावी, कारण प्रत्येक बोल्ट किती आवळायचा हे तिच्यातच सापडते. त्यानंतर टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळणारा पाना), सहा कोनांचे सॉकेट, लांब दांडा, ब्रेकच्या नळ्यांसाठी फ्लेअर पाने, मल्टिमीटर आणि चांगला उजेड यांची गरज असते. बारा कोनांचे सॉकेट गंजलेल्या बोल्टचे कोपरे झिजवतात, त्यामुळे जुन्या गाडीवर ते टाळलेले बरे.

गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर काय करावे?

आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी गंज सोडवणारे तेल मारावे. सोडवण्यापूर्वी बोल्ट किंचित आवळण्याचा प्रयत्न करावा, कारण त्या हालचालीने आट्यांमधील गंज फुटतो. त्यानंतर थोडा सैल, थोडा घट्ट, असे पुढेमागे करत तो बाहेर आणावा. एकाच दमात जोर लावला, की बोल्टचे डोके तुटून हातात येते. उष्णतेचा उपयोग मोठा आहे, पण ब्रेकच्या होसपाइपजवळ, इंधनाच्या नळीजवळ, रबरी बुशजवळ आणि शॉक ॲब्सॉर्बरजवळ ज्योत नेऊ नये. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला तर कधीही तापवू नये किंवा वेल्डिंग करू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट डोक्यापाशी तुटला असेल आणि थोडा भाग बाहेर उरला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून तो काढणे ही पद्धत अनेकदा यशस्वी होते. वेल्डिंगची उष्णताही तेथे मदतीला येते.

नवा बोल्ट त्याच दर्जाचा असावा. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात, १०.९ च्या जागी साधा बोल्ट लावणे धोक्याचे आहे. चाकांच्या स्टडला ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) फासण्याची सवय पुष्कळांना असते, परंतु त्यामुळे आट्यांतील घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कवर स्टड ठरल्यापेक्षा जास्त ताणला जातो. उत्पादकाने तसे सांगितले नसेल, तर स्टड स्वच्छ आणि कोरडे ठेवावेत.

चेसिसवरील गंज किती गंभीर आहे, हे कसे ओळखावे?

लहान हातोडीने चेसिसवर ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकावा. निरोगी पोलाद खणखणते. आतून सडलेला भाग बद्द आवाज करतो. शंका येईल तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. मागच्या ॲक्सलच्या वरची कमान, स्प्रिंगचे ब्रॅकेट आणि चिखल साचणारे कोपरे आधी तपासावेत. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून रंगवता येतो. पेटीसारख्या बंद चेसिसच्या आत मात्र ब्रश पोहोचत नाही, म्हणून लांब नळीने आतून मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. भोक पडलेल्या चेसिसवर वरून पत्रा चिकटवून किंवा जाड रंग देऊन ते झाकणे म्हणजे पुढच्या माणसाच्या जिवाशी खेळणे आहे. असे काम अनुभवी वेल्डरकडेच द्यावे.

ब्रेकच्या पोलादी नळ्यांकडेही याच वेळी पाहावे. फुगलेली किंवा पापुद्रे सुटलेली नळी बदलावीच. तांबे-निकेल मिश्रधातूच्या नळ्या वळवायला सोप्या असतात आणि गंजत नाहीत. मात्र त्यांची टोके डबल फ्लेअर पद्धतीचीच (दोनदा दुमडून पसरवलेली) करावीत आणि ब्रेकच्या नळीत कॉम्प्रेशन जोड कधीही वापरू नये.

ब्रेकचे काम स्वतः करता येते का?

डिस्क ब्रेकचे पॅड बदलणे अवघड नाही, आणि शिकण्याची सुरुवात तेथूनच करावी असे मी सुचवीन. गाडी ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढत असेल किंवा एका चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजला असेल, तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना अडकल्या आहेत का ते पाहावे. त्या काढून स्वच्छ करून ब्रेकसाठीचेच उष्णतारोधक ग्रीस लावले, की पुष्कळदा दोष जातो. काढलेला कॅलिपर होसपाइपवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून पाहावी. साचलेली धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या पॅड आणि लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलसाठी किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश असा ठरलेला आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. अडीच टनांची गाडी घाट उतरताना ब्रेक किती तापतात हे लक्षात घेतले, तर दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्याचा आग्रह का धरतात ते कळते. डॉट ५ हे सिलिकोनचे असते आणि ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये. ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या भागापासून) सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, परंतु एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांना स्कॅनर लागतो. काम संपल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करणे विसरू नये. पॅड मागे ढकललेले असल्यामुळे पहिल्या एक-दोन दाबांत ब्रेक लागतच नाही.

इंजिन गरम होते. दोष कसा शोधावा?

ते केव्हा गरम होते, हे आधी नीट पाहावे. गाडी उभी असताना किंवा गर्दीत सावकाश चालताना तापमान वाढत असेल आणि वेग घेतल्यावर उतरत असेल, तर हवेचा प्रवाह कमी पडत आहे आणि संशय फॅन क्लचवर (रेडिएटरचा पंखा इंजिनशी जोडणाऱ्या भागावर) घ्यावा. याउलट मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापमान वाढत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलेला असण्याची, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट नीट काम करत नसण्याची शक्यता अधिक असते. या एका निरीक्षणाने अर्धे निदान होते आणि विनाकारण होणारा खर्च वाचतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे सहसा कोणी पाहत नाही. साधारण एक बारचा दाब धरून ठेवणारे झाकण कूलंटचा उत्कलनबिंदू सुमारे २५ अंशांनी वाढवते. त्याचे रबर गेले, की बाकी सर्व ठीक असूनही कूलंट उकळते. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. कूलंट कमी होत असेल पण बाहेर कोठेही गळती दिसत नसेल, एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटची (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधील सीलची) तपासणी करून घ्यावी.

कूलंटचा रंग पाहून त्याचा प्रकार ठरवू नये, कारण रंगांना सर्वमान्य अर्थ नाही. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र आल्यास गंजरोधक गुण कमी होतो, काही वेळा गाळही धरतो. प्रकार माहीत नसेल, तर सर्व काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन, पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून भरावे. इथिलीन ग्लायकॉलचे असे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. सांडलेले कूलंट लगेच पुसावे; ते चवीला गोड असते आणि कुत्र्या-मांजरांना त्याची विषबाधा होते.

जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बदलावे की तसेच राहू द्यावे?

तेल बदलल्यामुळे गिअरबॉक्स बिघडला, अशा तक्रारी ऐकू येतात. त्यातील बऱ्याच गाड्यांत गिअर आधीच घसरू लागलेले असतात आणि तेल शेवटचा उपाय म्हणून बदललेले असते. गिअर नीट पडत असतील, तर यंत्राने दाब देऊन संपूर्ण फ्लश करण्याऐवजी पॅन उतरवून, फिल्टर बदलून, निघेल तेवढेच तेल बदलावे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागात) पुष्कळ तेल शिल्लक राहत असल्यामुळे एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे तेलच बदलले जाते; काही आठवड्यांनी तेच पुन्हा करावे. पॅनमधील चुंबकावर राखाडी मऊ लेप असणे स्वाभाविक आहे, धातूचे तुकडे असणे नाही. पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि तेल गरम असताना तपासतात. जड ट्रेलर ओढायचा असेल, तर गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र ऑइल कूलर बसवणे ही माझ्या मते या गाड्यांवरील सर्वात उपयुक्त सुधारणा आहे.

डिफरेन्शिअल आणि ट्रान्सफर केसच्या तेलाबाबत काय लक्षात ठेवावे?

तेल काढण्याचा बूच उघडण्यापूर्वी भरण्याचा बूच सुटतो की नाही, हे पाहावे. हा क्रम चुकला आणि वरचा बूच गंजून बसलेला निघाला, तर तेल नसलेली गाडी जागेवरच अडकते. डिफरेन्शिअलला सहसा जीएल-५ दर्जाचे तेल लागते, परंतु तेच तेल प्रत्येक मॅन्युअल गिअरबॉक्सला चालत नाही. त्यातील काही रसायने पितळी सिंक्रोनायझर रिंगना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) अपाय करू शकतात. लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल (एकच चाक मोकळे फिरण्यास आळा घालणारा) असेल, तर त्यासाठीचे घर्षण-नियंत्रक लागते का ते पाहावे, कारण ते नसेल तर वळताना गुरगुर ऐकू येते. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. त्या वेळी ॲक्सलची श्वासनळी (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) चोंदली आहे का तेही तपासावे.

पार्ट-टाइम (गरजेपुरती हाताने लावायची) फोर-व्हील-ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर लावू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, हा फरक सामावून घेणारा मधला डिफरेन्शिअल तेथे नसतो आणि सर्व ताण शाफ्ट व गिअरवर येतो.

स्टिअरिंगमध्ये प्ले (मोकळा खेळ) आहे; कोणता भाग झिजला आहे?

एकाने स्टिअरिंग थोडे डावे-उजवे हलवावे आणि दुसऱ्याने उभ्या गाडीखालील प्रत्येक जोड हाताने धरून पाहावा. झिजलेला सांधा हाताला लगेच जाणवतो. त्यानंतर चाक उचलून ते वर-खाली धरून हलवावे. तेथे खेळ असल्यास बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग, आणि डाव्या-उजव्या बाजूंनी हलवल्यावर असल्यास टाय रॉडचे टोक संशयास्पद असते. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पिळवटून स्प्रिंगचे काम करणारी दांडी) सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर काम करत असेल, तर जॅक त्या आर्मखालीच लावावा. नाहीतर स्प्रिंगचा भार सांध्यावर राहतो आणि झीज लपते. प्ले कमी करण्यासाठी स्टिअरिंग बॉक्सवरील स्क्रू आवळण्याचा मोह टाळावा, कारण बहुधा दोष सांध्यांत असतो आणि जास्त आवळलेला बॉक्स स्टिअरिंग जड करून स्वतः झिजतो. भाग बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावीच.

वेगात गाडी थरथरते. टायर बॅलन्स केले, तरी फरक नाही. का?

प्रॉपेलर शाफ्टचे (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, तपासावेत. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर रंगाची खूण करावी आणि त्याच स्थितीत तो परत बसवावा. गिअर टाकताना येणारा ‘टक्’ आवाजही पुष्कळदा येथूनच येतो.

रात्रभरात बॅटरी उतरते. विजेची गळती कशी शोधावी?

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळाले, तर अल्टरनेटर ठीक समजावा. त्यानंतर सर्व बंद करून, बॅटरीच्या ऋण टोकावरील वायर सोडवून, टोक आणि वायर यांच्यामध्ये ॲमीटर जोडून अर्धा ते एक तास थांबावे, कारण नियंत्रण-यंत्रणा झोपी जायला वेळ लागतो. ५० मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह वाहत असेल, तर एकेक फ्यूज काढत जावे आणि कोणत्या फ्यूजने आकडा उतरतो ते पाहावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये.

जुन्या गाडीतील विजेचे विचित्र दोष बहुधा खराब अर्थिंगमुळे असतात. सेल्फ फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची वायर आणि तिचे टोक घासून स्वच्छ करावे. कॉम्प्युटर बदलण्याचा विचार त्यानंतरच करावा.

चेक इंजिनचा दिवा लागल्यावर कोड सांगतो तो भाग बदलावा का?

नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेला दोषाचा कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही दोषांचे कोड वाचण्याची प्रमाणित पद्धत सक्तीची झाली, त्यामुळे तेथे विकलेल्या त्यानंतरच्या गाड्यांत साधा वाचकही कोड दाखवतो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त आहे; कारण फाटलेली व्हॅक्युम नळी, घाणेरडा एअरफ्लो सेन्सर किंवा कमी इंधनदाब यांपैकी काहीही असू शकते. कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा पी ०४२० हा कोड दिसताच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलणारे बरेच जण भेटतात, पण एक्झॉस्टची गळती आणि इंजिनचा मिसफायर आधी तपासावा, कारण न जळलेले इंधन नव्या कन्व्हर्टरचीही तीच गत करते.

मोठे टायर लावल्याने काय बदलते?

उदाहरण घेऊ. २६५/७५ आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर असतो आणि २८५/७५ आर १६ चा सुमारे ८३४. हा फरक ३.७ टक्क्यांचा आहे, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवत असताना खरा वेग जवळजवळ १०४ असतो. त्याच प्रमाणात गिअर लांब होतात, इंजिनला चढावर जास्त कष्ट पडतात आणि ब्रेकला जास्त जड चाक थांबवावे लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन दाबलेले असताना टायर कोठे घासतो का, हे पाहावे. टायरची भार-क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर दिसली, तरी जुना टायर घेऊ नये.

गाडी किती उंच करावी?

गरजेपुरतीच. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जातो आणि आधीच उंच असलेली गाडी वळणावर उलटण्याची शक्यता वाढते. पुढे टॉर्शन बार असलेल्या गाड्यांत त्याचा बोल्ट आवळून उंची वाढवता येते, परंतु त्यात चाक खाली झुकण्याची मोकळीक संपते आणि ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होऊन लवकर झिजतात. मागचे स्प्रिंग बसले असतील, तर ते मूळ मापाचे नवे घालण्यानेच पुष्कळांचे समाधान होते.

जादा दिवे बसवताना वायरिंग कसे करावे?

५५ वॉटचे दोन दिवे मिळून ११० वॉट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ९ ॲम्पिअर. एवढा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचमधून न नेता रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) वापरावा, आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ लावावा, कारण फ्यूज दिव्याचे नव्हे तर वायरचे रक्षण करतो. मूळ हेडलाइट मंद वाटत असतील, तर आधी त्यांच्या टोकाशी व्होल्टेज मोजावे. हॅलोजनचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. नवी जाड वायर आणि रिले यांनीच उजेड लख्ख वाढतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवल्याने प्रकाश विखुरतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात, म्हणून तो उपाय मी सुचवत नाही.

कोणती कामे घरी करू नयेत?

कॉइल स्प्रिंग योग्य साधनाशिवाय काढणे, गिअरबॉक्स आतून उघडणे, चेसिसचे वेल्डिंग आणि एसीचा वायू हवेत सोडणे टाळावे. एअरबॅगच्या वायरिंगला, जी बहुधा पिवळ्या जोडांची असते, बॅटरी काढून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय हात लावू नये.

काम झाल्यावर पहिली फेरी कशी घ्यावी?

जागेवरच ब्रेकचे पेडल तपासून, मोकळ्या सपाट जागेत सावकाश दोन-तीनदा थांबून पाहावे. दहा-पंधरा मिनिटांनी परत येऊन खाली कोठे तेल किंवा कूलंट ठिबकते का ते बघावे आणि चारही चाकांच्या मध्यभागी, स्पर्श न करता, हात जवळ नेऊन उष्णतेचा अंदाज घ्यावा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापले असेल, तर ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. ८० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट तारकेच्या क्रमाने, म्हणजे समोरासमोरचे नट एकाआड एक घेत, टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत.